पाठीखाली वायर नको

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक घरात कुठंही नेतात. पाव्हण्याला बाहेरच्या सोप्यात बसवून चहा देतात आणि मला थेट आतल्या खोलीत घेऊन जातात, कारण कॉम्प्युटर तिथं असतो. निपाणीत दुकान टाकल्यापासून मी लोकांच्या झोपायच्या खोल्या बघितल्या, माळे बघितले, ज्वारीच्या पोत्यांमागचे कोपरे बघितले. एका मळ्यातल्या घरी जुन्या पेटीसारख्या मॉनिटरवर कोंबडी उबेला बसायची. मॉनिटर खराब झाला तेव्हा मी पातळ पडद्याचा नवा घ्या म्हणालो, तर मालक गंभीरपणे म्हणाले, "आप्पा, मग ही बसणार कुटं?" दुसरे एक रिटायर गृहस्थ दर आठवड्याला फोन करायचे की कॉम्प्युटरला भूत लागलंय, पडद्यावरचा बाण आपोआप फिरतोय. जाऊन बघितलं, तर माउसच्या पोटात मुंगी शिरली होती. ती दिव्याच्या उजेडात फिरायची आणि बाण तिच्यामागं. मुंगी बाहेर काढली तर ते नाराज झाले. भूत असतं तर गल्लीत सांगायला बरं पडलं असतं.

आता दुकान पुतण्या चालवतो. मी ओळखीच्यांची कामं तेवढी करतो. पूर्वी बिघडलेली वस्तू उघडून, पुसून, कथिलाचा डाग देऊन चालू करण्यात दिवस जायचा. आता उघडायला काही राहिलंच नाही, बिघडलं की फेकतात. याची हळहळ वाटते. तरीही धंद्यातलं सगळ्यात आवडतं काम कुठलं, असं कुणी विचारलं, तर मी एका नखाएवढ्या वस्तूचं नाव घेतो. ती उघडता येत नाही, तिला डाग देता येत नाही. तिचं नाव ब्लूटूथ ॲडॉप्टर. आमच्याकडं सगळे डोंगल म्हणतात.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ब्लूटूथ म्हणजे एका खोलीपुरता रेडिओ. मोबाइलमध्ये, लॅपटॉपमध्ये तो आतच असतो. घरच्या जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरमध्ये बहुधा नसतो. मग हा डोंगल पेनड्राइव्हसारखा खाचेत खोचायचा, म्हणजे कॉम्प्युटर कानातल्या यंत्राशी वायरीशिवाय बोलायला लागतो. ऐकायला सोपं वाटतं. बहुतेक वेळा असतंही.

एका दुपारी बाईमाणसाचा फोन आला. आवाज म्हातारा, पण खणखणीत.

"तुमीच का कॉम्प्युटरवालं आप्पा? आमच्या सुमनला बिनवायरचं कायतरी बसवून पायजे. कानातलं."

मला वाटलं, कुणाला तरी गाणी ऐकायची असतील. डोंगल खिशात टाकला, कानात घालायचं बिनवायरचं यंत्र हत्यारांच्या पिशवीत, आणि गेलो.

दोन खोल्यांचं स्वच्छ घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. फोन करणाऱ्या त्या हौसाक्का. सगळी उमर तंबाखूच्या वखारीत गेलेली, उंच, काटक, तळहात अजून पिवळसर. त्या मला आत घेऊन गेल्या. लोखंडी कॉटवर त्यांची मुलगी, सुमनताई, उताणी पडली होती. चाळिशीच्या पुढची असेल. मान आणि चेहरा सोडला तर बाकी अंग हलत नव्हतं.

तिनंच सांगितलं, छोट्या छोट्या वाक्यांत, मध्ये दम घेत. ती हायस्कुलात कन्नड शिकवायची. पोरं मराठी घरातली. शाळेनंतर संध्याकाळी ती गावोगावच्या मराठी पोरांचा कन्नडचा वर्ग कॉम्प्युटरवर घ्यायची. इकडं कर्नाटकात सरकारी नोकरीची परीक्षा द्यायची तर कन्नडचा पेपर सुटत नाही, आणि घरात मराठी बोलणारी हुशार पोरं नेमकी तिथंच अडकतात. मग एका पावसाळी दिवशी शाळेतून येताना स्कूटर घसरली. मानेचा मणका गेला.

"दवाखान्यातनं घरी आलतो," सुमनताई म्हणाली, "तवापासनं पोरं इचारत्यात, मॅडम वर्ग कधी? माझं तोंड चालतंय की. वर्ग तोंडानंच घ्यायचा असतोय."

"मग घेतला होता का?"

तिनं आईकडं बघितलं. हौसाक्का बोलल्या.

"घेतलाता. वायरचं कानातलं लावून. हिला कुशीवर वळवताना वायर पाठीखाली गेली. हिला काय रुततंय कळत न्हाय, आप्पा. इस्तू ठेवला तरी कळायचा न्हाय. वर्ग संपल्यावर बघतोय तर खांद्याच्या खाली चांगली जखम. भरून यायला किती दिस गेले! डॉक्टर मला लई बोलले."

"आई, झालं की ते."

"झालं कसं? तुझी पाठ बघू का तुझी पोरं बघू?" मग त्या माझ्याकडं वळल्या. "बिनवायरचं जमत असंल तर वर्ग. न्हायतर वर्ग बंद. मी सांगून ठेवलंय."

माझ्या खिशातल्या डोंगलचं वजन तेव्हा मला कळलं. त्या खोलीत एक माय पोरीची कातडी सांभाळत होती आणि पोरगी आपलं उरलेलं एकुलतं काम. दोघीही बरोबर होत्या.

तुम्ही म्हणाल, कानात कशाला, स्पीकर लावायचा. घरातले स्पीकर जळून गेले होते, पण ते असते तरी उपयोग नव्हता. सुमनताईचा आवाज बारीक झाला होता. तो पकडायला माइक तोंडाजवळ आणि नाजूक हवा. असा माइक स्पीकरचाही आवाज पकडतो, आणि पोरांना स्वतःचंच बोलणं पुन्हा ऐकू येतं. शिकवणार कसं? आणि मोबाइल? तो स्कूटरबरोबर फुटला होता. नवा घेतला नव्हता, बोटंच चालत नाहीत म्हणून. हौसाक्कांचा फोन बटणांचा, नुसता बोलण्यापुरता.

मी कामाला लागलो. कॉटच्या पायथ्याशी टेबल, टेबलावर पडदा, कॉम्प्युटरचा डबा खाली भिंतीला टेकून. मागच्या खाचेत डोंगल खोचला. कॉम्प्युटरनं त्याला ओळखलं. आता कानातल्या यंत्राची आणि त्याची ओळख करून द्यायची. यंत्राचं बटण दाबून धरायचं, बारका दिवा लाल-निळा उघडझाप करायला लागतो, आणि कॉम्प्युटरच्या यादीत त्याचं नाव येतं. त्यावर टिचकी मारली की जोडी जमली. एकदा ओळख झाली की पुढं आपोआप ओळखतात.

हौसाक्का वाकून बघत होत्या. "हे डोळं कशाला मिचकावतंय?"

"जोडीदार हुडकतंय," मी म्हणालो.

"गावला की थांबतंय?"

"व्हय."

"बरंय," त्या म्हणाल्या. "माणसांचं तसं न्हाय."

सुमनताई हसली. मी त्या घरात आल्यापासून पहिल्यांदा.

पण काम झालं नव्हतं. आवाज तुटायला लागला. हौसाक्का कॉट आणि टेबलाच्या मध्ये आल्या की हमखास तुटायचा. डोंगल डब्यामागं, पत्र्याच्या आड दडलेला, समोर लोखंडी कॉट, आणि त्यात माणूस मध्ये आलं की संपलंच. माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणी, हा रेडिओ पाण्याला घाबरतो. हौसाक्कांना तर सारखं मध्ये यावं लागणार, लेकीला कुशीवर वळवायला. मग मी डोंगलला एक लांब वायर जोडली आणि तो भिंतीवर, त्यांच्या डोक्याच्याही वर, खिळ्याला टांगला. तिथून त्याला सुमनताई सरळ दिसत होती. आवाज तुटायचा थांबला.

मग तिनं नंदगडच्या एका विद्यार्थिनीला कॉल लावायला सांगितला. रेश्मा नाव. कापडाच्या दुकानात कामाला होती आणि दुकानाच्या मागच्या कोठीत बसून वर्ग करायची. सुमनताईनं तिला कन्नडमधून एक वाक्य सांगितलं आणि परत म्हणायला लावलं. ऐकलं, आणि चेहरा पडला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मी म्हटलं, नम्म हळ्ळी चंद अद. आमचं गाव छान हाय. 'हळ्ळी' म्हणजे गाव. तिला ऐकू गेलं 'हल्ली'. कन्नडमधी हल्ली म्हणजे पाल." ती छताकडं बघत राहिली. "आप्पा, ह्या यंत्रातनं 'ळ' जात न्हाय. माझा सगळा धंदा 'ळ'चा हाय."

तिचं म्हणणं खरं होतं. हा या यंत्रांचा स्वभाव आहे. नुसतं ऐकायचं असेल तर आवाज झकास येतो. पण त्याच यंत्राचा माइकही वापरायला गेलं की दोन्ही वाटा अरुंद होतात आणि जुन्या ट्रंक कॉलसारखा आवाज होतो. गप्पा मारायला चालतं. मी इतक्या घरांत असं यंत्र बसवलं, कुणी तक्रार केली नव्हती. पाल आणि गाव यांत फरक पडावा असं काम त्यांच्यापैकी कुणाला नव्हतं.

उपाय होता. ऐकायला ब्लूटूथ ठेवायचं आणि बोलायला वेगळा माइक, वायरचा. वायर म्हटल्याबरोबर हौसाक्का ताठ झाल्या.

"वायर न्हाय म्हटलंय मी."

"अंगाला लागणार न्हाय, हौसाक्का. कानाची वायर अंगावरनंच यायची, पण माइक काय अंगाला चिकटायला नको. तोंडापासनं वीतभर लांब असला तरी चालतंय."

"मग धरणार कोण? मी?"

 मग सुमनताई छताकडं बघत म्हणाली, "आई, मच्छरदाणीचा दांडा."

कॉटला चार बाजूंनी मच्छरदाणीचे दांडे होते. हौसाक्का उठल्या, जुन्या लुगड्याची काठाची पट्टी फाडून आणली, आणि माझ्या पिशवीतला कापसाच्या बोंडाएवढा माइक आडव्या दांड्याला बांधला. वायर दांड्यावरून, भिंतीवरून, खाली कॉम्प्युटरला. लेकीच्या अंगाला कुठंच न शिवता. त्यांनी स्वतः दोनदा हात फिरवून बघितलं. मग लेकीला या कुशीवरून त्या कुशीवर वळवलं. माइक वर लोंबकळत राहिला.

रेश्माला पुन्हा कॉल केला. "नम्म हळ्ळी," सुमनताई म्हणाली. पलीकडून काय आलं ते मला ऐकू आलं नाही. सुमनताईनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, "बरोबर. गाव."

जाताना मी एक सोय करून ठेवली. कॉम्प्युटर चालू केला की वर्ग आपोआप उघडेल अशी. हौसाक्कांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि माउसला त्या हात लावायला तयार नव्हत्या. त्यांनी डब्याचं बटण दाबायचं, कानातलं यंत्र चालू करून लेकीच्या कानात बसवायचं, बस्स. वर्ग सुरू झाला. संध्याकाळी त्यांच्या गल्लीतून जाताना खिडकीतून कन्नड ऐकू यायचं. कित्येकदा मी गाडी हळू केली आहे.

मग तो दिवस आला. परीक्षा अगदी तोंडावर होती. मी उचगावला चुलतभावाच्या घरी साखरपुड्याला गेलो होतो. अंगणात बँजोवाले, पंगत बसलेली, आणि माझा फोन वाजला. हौसाक्का.

"आप्पा, ते डोळं मिचकावतंय आणि थांबतच न्हाय. सुमनला कायबी ऐकू येईना. वर्गाला पोरं येऊन बसल्यात."

पंगत सोडून मी गोठ्यात गेलो, तिथं जरा कमी गोंगाट होता. अंदाज आला होता. कॉम्प्युटर अधूनमधून स्वतःच्या मनानं स्वतःला नवं करून घेतो. त्या गडबडीत कधी कधी तो डोंगल ओळखायचं विसरतो. दुरुस्ती अवघड नाही. पण त्यासाठी पडदा वाचायला लागतो आणि माउस चालवायला लागतो. मी चार तालुके पलीकडं असल्यासारखा, म्हशीशेजारी उभा. सुमनताईला वाचता येतं, हात नाहीत. हौसाक्कांना हात आहेत, वाचता येत नाही.

"हौसाक्का," मी म्हणालो, "फोन मोठ्या आवाजावर करा आणि सुमनताईच्या उशीवर ठेवा. आता माउस तुम्ही धरायचा."

"मला जमायचं न्हाय. मोडलं तर?"

"मोडलं तर मी हाय की."

आधी डोंगल काढून परत खोचायला लावला. काही नाही. मग डाव्या खालच्या कोपऱ्यात बाण न्यायचा होता. सुमनताई पडद्याकडं बघत सांगायला लागली.

"आई, भाकरी थापल्यागत गोल फिरवू नगंस. नुसता सरकव. खाली. आणि खाली. ते बघ, गेला की पडद्याच्या भाईर. वर घे."

"ह्यो बाण पळतोय गं."

"पळू दे. डावीकडं. थांब. आता मधल्या बोटाखालचं बटण. एकदाच."

"दाबलं."

"यादी आली," सुमनताईनं मला सांगितलं. मी नाव सांगितलं, तिनं शोधलं, आईला ओळ दाखवली, "वरनं मोजत ये, मी थांब म्हणंस्तवर." हौसाक्का एकेक ओळ उतरत गेल्या. मला फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता. एकदा चुकीचं दाबलं गेलं आणि पडद्यावरचं सगळं नाहीसं झालं. हौसाक्का म्हणाल्या, "गेलं. मी घालवलं." रडवेल्या झाल्या होत्या.

"न्हाय आई. नुसतं झाकलंय. उघडूया."

आणि पुन्हा पहिल्यापासून. डावा कोपरा, मधलं बोट, ओळी. या वेळी पिवळं त्रिकोणी चिन्ह सापडलं. त्याच्याशेजारी डोंगलचं नाव. म्हणजे तो आहे, पण कॉम्प्युटर त्याला मानत नाही. ते नाव यादीतून काढून टाकायला सांगितलं. हौसाक्कांनी विचारलं, "काढलं तर परत येतंय न्हवं?" मी म्हटलं, "येतंय." मग त्यांनी दाबलं.

"आता खिळ्याजवळ जावा. डोंगल उपटा. जरा थांबा. आता परत खोचा."

कॉम्प्युटरच्या पोटात एक बारीक घंटी वाजते तेव्हा. स्पीकर नव्हते, त्यामुळं ती कुणाला ऐकू येणार नव्हती. मी वाट बघत राहिलो. सुमनताईचा आवाज आला, "चिन्ह गेलं, आप्पा. आता बरोबर दिसतंय."

उरली ती नवी ओळख. हे मात्र हौसाक्कांना सांगायला लागलं नाही. त्यांनी यंत्राचं बटण दाबून धरलं, डोळे मिचकावू दिले, लेकीनं सांगितलेल्या ओळीवर पहिल्या बोटानं टिचकी मारली, आणि मला फोनवरून म्हणाल्या, "थांबलं बगा. गावला."

त्यांनी यंत्र लेकीच्या कानात बसवलं. मी ऐकत राहिलो, पण वर्ग सुरू झाल्याचा आवाज येईना. मला वाटलं, पुन्हा गडबड.

"काय झालं? ऐकू येतंय का?"

"येतंय, आप्पा." तिचा आवाज बदलला होता. "पोरं सगळी हाईत. कुणी गेलं न्हाय."

तेव्हा ध्यानात आलं. बिघाड ऐकण्याच्या बाजूला होता. दांड्याला बांधलेला माइक सगळा वेळ चालूच होता. नंदगडच्या कोठीत, गुंजीच्या स्टेशनाजवळच्या घरात, खानापूरकडच्या खेड्यांत बसलेल्या पोरांनी सगळं ऐकलं होतं: भाकरी, पळणारा बाण, गेलं म्हणून रडवेली झालेली म्हातारी. त्यांचं बोलणं इकडं पोचत नव्हतं, तरी एकही पोरगं उठलं नव्हतं.

"आई," सुमनताई म्हणाली, "रेश्मा तुला सांगतीय, अज्जी, नमस्कारा री."

"तिला म्हणावं, आधी अभ्यास कर," हौसाक्का म्हणाल्या, आणि फोन बंद झाला. मी पंगतीत परत गेलो तेव्हा माझं पान उचललं होतं. चुलतभाऊ रागावला, कुणाचं एवढं काम अडलं होतं? 

रेश्मा पास झाली. वर्गातली आणखी काही पोरं झाली, काही राहिली, ती पुन्हा बसली. सुमनताईचे हात परत आले नाहीत, येणारही नाहीत, हे तिनं मला कोरडेपणानं सांगितलं. पण पाठीला पुन्हा जखम झाली नाही. हौसाक्का आता माउस धरतात, वर्गाला कोण आलं, कोण नाही हे नावाच्या आकारावरून ओळखतात आणि उशिरा येणाऱ्याची तक्रार लेकीकडं करतात. मी या धंद्यात मोठमोठ्या ऑफिसांचे कॉम्प्युटर बसवले, उद्घाटनांना फोटोत उभा राहिलो. पण त्या दोघींसारखं यंत्र वापरणारं माणूस मला भेटलं नाही. मी फक्त एक वस्तू खिळ्याला टांगली. त्या वस्तूतून वर्ग त्या दोघींनी उभा केला.

मागच्या महिन्यात त्या बाजूला गेलो होतो, म्हणून डोकावलो. वर्ग चालू होता. हौसाक्कांनी ओठावर बोट ठेवून मला उंबऱ्याशी बसवलं. सुमनताई कुशीवर होती, तोंड दाराजवळच्या भिंतीकडं, वर दांड्याला माइक पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता.

"इन्नोम्मे हेळु," ती म्हणाली. पुन्हा सांग.

 तिच्या कानात कोण बोलत होतं, कुठल्या गावाहून, अडखळत की घाईघाईनं, ते मला ऐकू येत नव्हतं. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता. ती ऐकत होती. भुवया जवळ आल्या, तशाच राहिल्या. मग हळूहळू सैल झाल्या, आणि ती भिंतीकडं बघून हसली.

"भेश," ती म्हणाली. शाबास. "मुंदिन्दु." पुढचं.